हवेतले इंटरनेट तारेत कसे उतरते?

अनेक शाळांच्या संगणक कक्षात टेबलावरचे जुने संगणक अजून चांगले चालतात, पण बिनतारी संदेश घेण्याची सोय त्यांच्यात नसते. मागच्या बाजूला तारेचे एक चौकोनी भोक, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध. त्याच खोलीत शिक्षकांच्या लॅपटॉपवर मात्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट व्यवस्थित चालू असते. एकाकडे इंटरनेट आहे आणि दुसऱ्याकडे नाही, मध्ये अंतर फक्त दोन हातांचे. मग लॅपटॉपने आपल्याकडचे इंटरनेट तारेतून त्या संगणकाला द्यावे, असे करता येणार नाही का?

करता येते. त्यासाठी लागते फक्त एक केबल आणि लॅपटॉपमध्ये आधीपासूनच असलेली एक सोय. पण 'ही खूण करा, ते बटण दाबा' एवढ्यावर आपण थांबलो, तर जोडणी चालली नाही की पुढे काय करावे ते सुचत नाही. शिवाय ही छोटीशी जोडणी समजून घेतली की साऱ्या इंटरनेटची रचना हातात येते. म्हणून आधी 'का' आणि मग 'कसे', या क्रमाने जाऊ.

ईथरचे नाव, तारेचे गाव

संगणकाच्या मागच्या चौकोनी भोकात जी केबल बसते, त्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी ती कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह प्रत्यक्षात आणली. नाव कुठून आले? प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारे 'ईथर' नावाचे माध्यम सर्वत्र भरलेले आहे, असे एकोणिसाव्या शतकात मानले जाई. मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगात या ईथरचा मागमूस लागला नाही, हे विज्ञानाचे शिक्षक जाणतातच. सर्वांपर्यंत संदेश पोहोचवणारे सामाईक माध्यम, या अर्थाने मेटकाफ यांनी ते नाव तारेला दिले.

गंमत अशी की या तारेच्या पद्धतीची प्रेरणा बिनतारी होती. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओ लहरींवरून संगणक जोडणारे 'अलोहानेट' सुरू केले होते. मेटकाफ यांनी त्याचा अभ्यास केला होता. पुढे १९९७ मध्ये बिनतारी जोडणीचे प्रमाण ठरले. त्यातूनच आजचे वाय-फाय आले. तार आणि हवा या दोन माध्यमांचे नाते असे जुने आहे. तरीही त्यांची बोली थोडी वेगळी आहे, आणि आपली अडचण तिथेच सुरू होते.

नुसता पूल का बांधता येत नाही?

सर्वांत सोपा विचार असा: तारेतून जे येईल ते लॅपटॉपने जसेच्या तसे हवेत सोडावे, आणि हवेतून येईल ते तारेत. याला पूल बांधणे म्हणतात. तार आणि तार यांच्यामध्ये असा पूल छान चालतो. वाय-फायच्या बाबतीत मात्र तो सहसा चालत नाही. का, ते पाहू.

जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला ४८ बिटांचा एक यंत्र-पत्ता असतो. तारेतून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या पाकिटावर असे दोन पत्ते असतात: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. लॅपटॉपकडून हॉटस्पॉटकडे हवेतून जाणाऱ्या पाकिटावर तीन पत्ते असतात: हॉटस्पॉटचा, पाठवणाऱ्याचा आणि शेवटी ज्याला पोहोचायचे त्याचा. येथे 'मूळ पाठवणारा' आणि 'आत्ता हवेत बोलणारा' यांच्यासाठी वेगळे रकाने नसतात. दोघे एकच आहेत असे गृहीत धरलेले असते. दुसऱ्याचा निरोप सांगतो आहे, असे म्हणायला लॅपटॉपकडे जागाच नाही.

बरे, लॅपटॉपने त्या रकान्यात टेबलावरच्या संगणकाचा पत्ता लिहिला तर? हॉटस्पॉट ते पाकीट टाकून देतो. ज्यांनी परवलीचा शब्द देऊन ओळख पटवली, त्यांच्याशीच तो बोलतो, आणि प्रत्येकाशी बोलण्याची गुप्त किल्लीही वेगळी असते. हा अनोळखी पत्ता त्याच्या यादीत नसतो. चार पत्त्यांचे पाकीट प्रमाणात आहे, पण ते दोन्ही बाजूंनी ठरवून वापरावे लागते. साधा हॉटस्पॉट ते वापरत नाही.

म्हणजे पुलाचा मार्ग बंद. हॉटस्पॉटला ओळखीचा एकच आहे, तो म्हणजे लॅपटॉप. तेव्हा जे काही बाहेर जाईल ते लॅपटॉपच्याच नावाने गेले पाहिजे.

आवक-जावक नोंदवही

ही अडचण शाळेच्या कार्यालयाला नवी नाही. समजा, शाळेच्या वसतिगृहातील मुलांना बाहेर पत्रे पाठवायची आहेत, पण टपाल खात्याला फक्त शाळेचा पत्ता ठाऊक आहे. कारकून काय करतील? प्रत्येक पत्रावर शाळेचा पत्ता घालतील, एक जावक क्रमांक देतील आणि वहीत नोंद करतील: 'जा.क्र. ६१००७, खोली ४५ मधील विद्यार्थी'. उत्तर येते तेव्हा त्यावर संदर्भ म्हणून तोच जावक क्रमांक असतो. वही उघडली की पत्र कोणत्या खोलीत द्यायचे ते कळते.

लॅपटॉप नेमके हेच करतो. संगणकाच्या भाषेत जावक क्रमांकाला 'पोर्ट' म्हणतात. तो १६ बिटांचा असल्याने एकूण ६५,५३६ क्रमांक मिळू शकतात. एक उदाहरण पायरीपायरीने पाहू.

१. टेबलावरच्या संगणकाचा पत्ता समजा १९२.१६८.१३७.४५ आहे. तो एका संकेतस्थळाकडे पाकीट पाठवतो. त्यावर स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा पोर्ट ५०००१ लिहितो.

२. पाकीट तारेतून लॅपटॉपकडे येते. लॅपटॉप पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तेथे आपला वाय-फायवरचा पत्ता लिहितो, पोर्टच्या जागी ६१००७ घालतो आणि ही जोडी आपल्या वहीत टिपून ठेवतो.

३. पाकिटावर तपासणीसाठी एक बेरीज लिहिलेली असते आणि तीत पत्त्याचे आकडेही धरलेले असतात. पत्ता बदलला की ती बेरीजही बदलावी लागते, नाहीतर पुढचा संगणक पाकीट खराब समजून फेकून देईल. लॅपटॉप बेरीज नव्याने करतो आणि पाकीट हवेत सोडतो.

४. उत्तर लॅपटॉपच्या नावाने, पोर्ट ६१००७ वर येते. लॅपटॉप वही पाहतो, मूळ पत्ता आणि ५०००१ हा पोर्ट पुन्हा लिहितो आणि पाकीट तारेत सोडतो.

हे सर्व सेकंदाच्या अगदी लहान अंशात, प्रत्येक पाकिटाच्या बाबतीत घडते. टेबलावरच्या संगणकाला पत्ता बदलल्याचे कळतही नाही. या क्रियेला पत्ता-बदल म्हणू. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नॅट' म्हणतात. तिचे वर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही युक्ती जगाला का लागली?

ही सोय केवळ आपल्या संगणक कक्षासाठी निघालेली नाही. इंटरनेटच्या पत्त्याची जी चौथी आवृत्ती १९८१ मध्ये ठरली, तिच्यात पत्ता ३२ बिटांचा आहे. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी ही संख्या अफाट वाटली. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या पुढे आहे आणि एकेका घरात अनेक उपकरणे आहेत. जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले.

यावर दोन उपाय निघाले. एक, पत्ताच १२८ बिटांचा करणे. ती सहावी आवृत्ती आज वापरात आहे, पण जुनी आवृत्तीही अजून चालूच आहे. दुसरा उपाय म्हणजे खासगी पत्ते. फेब्रुवारी १९९६ च्या नियमानुसार तीन गट बाजूला काढून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६ पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते. हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, पण आवाराबाहेर त्यांना अर्थ नाही. 'खोली क्रमांक ५' प्रत्येक शाळेत असते, तसेच हे. म्हणून बाहेर जाताना पत्ता-बदल करावाच लागतो.

आता आपल्या कक्षाकडे पुन्हा पाहा. लॅपटॉप एकदा पत्ता बदलतो. मोबाइल हॉटस्पॉट म्हणून काम करताना दुसऱ्यांदा बदलतो. मोबाइल कंपन्याही पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, आणि त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवले आहेत. म्हणजे मुलाने उघडलेले एक पान तीन कारकुनांच्या तीन वह्यांतून जाऊन येऊ शकते!

प्रत्यक्ष जोडणी

साहित्य: वाय-फायवर इंटरनेट चालू असलेला लॅपटॉप, एक ईथरनेट केबल आणि तारेचा संगणक. लॅपटॉपला ईथरनेटचे भोक नसेल, तर यूएसबीला लावायचा छोटा जोड बाजारात मिळतो. पूर्वी दोन संगणक थेट जोडायचे तर आतल्या तारांची अदलाबदल केलेली उलटी केबल लागे. आजच्या बहुतेक उपकरणांना तारांचा क्रम आपोआप ओळखता येतो, म्हणून साधी केबल पुरते.

विंडोज १० किंवा ११ मध्ये नियंत्रण पटलातील नेटवर्क जोडण्यांची यादी उघडा. त्यात वाय-फाय आणि ईथरनेट अशी दोन चिन्हे दिसतील. वाय-फायच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' निवडा आणि 'शेअरिंग' या पानावर जा. इतरांना या संगणकाचे इंटरनेट वापरू देण्याच्या ओळीपुढे खूण करा. खाली यादी आली तर तीत ईथरनेट निवडा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: खूण वाय-फायवर करायची, ईथरनेटवर नाही. ज्याच्याकडे आहे त्याने वाटायचे, हे लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांनी तारेच्या जोडणीच्या चौथ्या आवृत्तीच्या पानावर 'इतर संगणकांशी सामाईक' हा पर्याय निवडावा. मॅकमध्ये 'शेअरिंग' विभागात 'इंटरनेट शेअरिंग' असते.

टेबलावरच्या संगणकावर सहसा काहीच करावे लागत नाही. केबल लागताच तो विचारतो, 'मला कोणी पत्ता देईल का?' लॅपटॉप त्याला चार गोष्टी सांगतो: तुझा पत्ता हा, आपल्या आवाराची हद्द ही, बाहेर जाण्याचा दरवाजा मी, आणि संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता हवा असेल तर मलाच विचार. विंडोजमध्ये लॅपटॉपचा तारेकडचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असा होतो.

संगणक एकाहून अधिक असतील तर मध्ये एक स्विच लावावा आणि सर्वांच्या केबली त्याला जोडाव्यात. पण त्या जाळ्यात आधीच पत्ते वाटणारा राउटर असेल तर हा प्रयोग करू नये. एका वर्गाला दोन शिक्षकांनी वेगवेगळे हजेरी क्रमांक दिले तर जो गोंधळ होईल, तोच येथे होतो.

चालत नसेल तर

तपास खालून वर करावा. प्रथम केबलच्या भोकाजवळचा दिवा लागला आहे का? नसेल तर केबल किंवा भोक सदोष आहे.

मग टेबलावरच्या संगणकाचा पत्ता पाहा. विंडोजमध्ये आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता देणारे कोणी भेटले नाही म्हणून संगणकाने स्वतःच एक घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी लॅपटॉपवरची खूण काढून पुन्हा करावी.

तिसरी पायरी, 'पिंग' आज्ञेने ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारा. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. तेथून उत्तर येते पण संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले तर रस्ता ठीक आहे आणि नावावरून पत्ता शोधण्यात अडचण आहे. उत्तरच येत नसेल तर आधी लॅपटॉपवर इंटरनेट चालू आहे का ते पाहा. आणि एक साधी गोष्ट: लॅपटॉप झोपला की सर्वांचे इंटरनेट बंद होते, कारण कारकूनच झोपला. वीज वाचवण्यासाठी आपोआप झोपण्याची सोय तासापुरती बंद ठेवावी.

काय मिळते, काय जाते

या व्यवस्थेचे काही परिणाम शिक्षकांनी आधीच ओळखावेत.

पहिला, वेग वाढत नाही, वाटला जातो. हॉटस्पॉटवर सेकंदाला २० मेगाबिट मिळत असतील आणि १० संगणक एकाच वेळी काम करत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २ मेगाबिट येतात. ८ बिटांचा एक बाइट हे धरले, तर हे सेकंदाला पाव मेगाबाइट झाले. मजकुराची पाने आरामात उघडतील. सर्वांनी एकदम चित्रफीत लावली तर मात्र अडखळेल. एकच चित्रफीत पडद्यावर सर्वांना दाखवणे बरे.

दुसरा, टेबलावरच्या संगणकाला पलीकडे मोबाइल आहे हे कळत नाही. समोर तार दिसते, म्हणून तो भरपूर इंटरनेट आहे असे समजून मोठमोठी अद्ययावतीकरणे उतरवू लागतो आणि मोबाइलचा दिवसाचा वाटा संपतो. विंडोज १० आणि ११ मध्ये ईथरनेट जोडणी 'मोजून वापरायची' म्हणून नोंदवता येते. ती नोंद प्रत्येक संगणकावर वेगळी करावी.

तिसरा परिणाम सुरक्षेचा. वहीत नोंद नसलेले पत्र बाहेरून आले तर कारकुनाला ते कोणाचे हे कळत नाही आणि तो ते ठेवून घेत नाही. त्यामुळे बाहेरून कोणी थेट आतल्या संगणकाला हाक मारू शकत नाही. हा आडोसा उपयोगी आहे, पण ती तटबंदी नव्हे. मुलाने स्वतः उघडलेल्या पानातून घातक फाइल आली, तर तिची नोंद वहीत असतेच आणि ती बिनदिक्कत आत येते. विंडोज ७ ला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण मदत ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. जुन्या संगणकाला इंटरनेट देण्याआधी त्यावर दुरुस्त्या मिळणारी प्रणाली आहे का, हे पाहावे. कमी ताकदीच्या संगणकांवर हलक्या प्रकारचे लिनक्स चांगले चालते.

चौथा परिणाम जबाबदारीचा. बाहेरच्या जगाला सारी पाकिटे एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. एका संगणकावरून गैरवापर झाला तर संकेतस्थळ तो पत्ताच बंद करते आणि सर्वांचा खोळंबा होतो. शिवाय जोडणी ज्याच्या नावावर, विचारणा त्यालाच होते. म्हणून कोणत्या तासाला कोण कोणत्या संगणकावर बसले, याची साधी वही ठेवावी. जोडणी दुसऱ्या संस्थेची असेल तर तिची परवानगी घेतल्याशिवाय ती पुढे वाटू नये.

वर्गात करून पाहा

ही कल्पना संगणकाशिवायही शिकवता येते. चार मुलांना 'आतले संगणक' करा आणि त्यांना १ ते ४ क्रमांक द्या. एकाला 'लॅपटॉप' करा आणि त्याच्या हाती वही द्या. दाराबाहेर दोन मुलांना 'संकेतस्थळे' म्हणून उभे करा. आतली मुले चिठ्ठीवर प्रश्न आणि आपला क्रमांक लिहून लॅपटॉपकडे देतील. लॅपटॉप क्रमांक खोडून जावक क्रमांक घालेल, वहीत नोंद करेल आणि चिठ्ठी बाहेर देईल. उत्तरे त्याच वाटेने परत येतील. दोन मुलांनी एकाच संकेतस्थळाला एकच प्रश्न विचारला, तरी उत्तरे योग्य हाती जातात का ते पाहा. मग मध्येच वही काढून घ्या. काय होते?

मोठ्या मुलांना पुढील प्रश्न द्यावेत.

१. बाहेरच्या मुलाने न विचारता चिठ्ठी पाठवली तर लॅपटॉपने काय करावे? शाळेच्या संगणकावर एखादे संकेतस्थळ चालवून ते जगाला दाखवायचे असेल, तर वहीत कोणती कायमची नोंद लागेल?

२. एका संगणकाला एका वेळी १०० पोर्ट लागतात असे मानले, तर एका बाहेरच्या पत्त्यामागे जास्तीत जास्त सुमारे किती संगणक राहू शकतील?

३. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा १२८ बिटांचा पत्ता मिळाला तर नोंदवहीची गरज राहील का? आडोसा गेल्यावर त्याच्या जागी काय हवे?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात चर्चा व्हावी. पत्ते अपुरे पडले म्हणून काढलेली एक सोय आज जगातल्या असंख्य घरांत आणि शाळांत चालू आहे. तिच्यामुळे आतली यंत्रे बाहेर विचारू शकतात, पण बाहेरून त्यांना कोणी थेट विचारू शकत नाही. घेणारे पुष्कळ आणि देणारे थोडे, असे इंटरनेटचे जे रूप आपण पाहतो, त्याला या नोंदवहीचाही थोडा हातभार आहे. एका केबलीच्या निमित्ताने एवढे मुलांच्या लक्षात आले, तर ती केबल सत्कारणी लागली म्हणायची.